कल्लप्पांनी रीत मोडली

महेश्वरी भाकरी थापता थापता गॅसपुढेच धाडकन कोसळली. सोलापूरचा मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, आणि वर कपाळापर्यंत ओढलेला पदर. सासरे घरात असेपर्यंत सुनेचं डोकं उघडं दिसायचं नाही, आणि सासरे कल्लप्पा तर निवृत्त झाल्यापासून घराबाहेर पडायचं नाव घेत नव्हते.

गल्लीतल्या डॉक्टरबाईंनी घरी येऊन सलाईन लावलं आणि कल्लप्पांना तोंडावर सुनावलं, "असल्या उन्हात एवढं गुंडाळून घेतलं तर माणूस मरतं, अण्णा. ही रीत आता पुरे करा."

"व्हय की ओ, बरोबर हाय तुमचं!" कल्लप्पा गहिवरले. "जिवापरास रीत मोठी हाय व्हय? आजपासनं बंद!"

महेश्वरीला भरून आलं. सलाईन नसलेला हात तिनं हळूच पदराकडे नेला.

तोवर कल्लप्पांनी सदरा काढून खुंटीला टांगला, बनियनही काढलं, आणि उघड्या पोटावरून हात फिरवत ते पंख्याखाली ऐसपैस बसले.

"पोरी," ते मायेनं म्हणाले, "आता मी हितं उघडाच बसणार. तू पदर जरा आनखी खाली वड."