मनातली शर्यत
शर्यतीआधी पोरीची नडगी ठणकत होती. प्रशिक्षक म्हणाला होता, “दुखणं डोक्यात असतं. पळ!” ती पळाली आणि शेवटच्या वळणावर नडगीचं हाड मोडलं. आता आठवड्याभराने तो रुग्णालयात तिच्या खाटेशी स्टॉपवॉच घेऊन बसला होता. पाय प्लास्टरमध्ये असला तरी शर्यत मनात पळायची, हा त्याचा जुना धडा. “डोळे मीट. सावधान... पळ!” तिचा श्वास वाढला, मुठी आवळल्या. चाळिसाव्या सेकंदाला तिने दचकून डोळे उघडले. “सर, मनातसुद्धा मी रोज तिथेच पडते.” त्याने स्टॉपवॉच थांबवलं. “चूक माझी होती, पोरी. तू कळवळून सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आज तुझ्या आईपुढे कबूल करतो.” तिने त्याचा हात धरला. “नका सांगू, सर. माझं पळणं संपलं, डॉक्टर म्हणालेत. आई मात्र अजून म्हणते, ‘सर आहेत ना!’”