काटा माझ्याकडे

पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पंच्याण्णवाचा चौऱ्याण्णव झाला आणि म्हाताऱ्यानं भुवया आवळल्या. झालं! छाती भात्यासारखी हलायला लागली, नाडी एकशे तीसवर गेली, ऑक्सिजन घसरत एकोणनव्वदला आला. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर पुन्हा पुरता सुरू केला.

"आजी, हृदयाची तपासणी केली, ते चांगलं आहे," ते म्हाताऱ्याच्या बायकोला म्हणाले. "फुप्फुसंही सुधारलीत. पण यंत्राचा आधार काढला की दहा मिनिटांत हे असं. कालही तेच, आजही तेच. उद्या शेवटचा प्रयत्न. नाहीतर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल."



दुसऱ्या दिवशी त्या इतक्या घाईत आल्या की पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हाताऱ्याच्या तोंडात नळी होती म्हणून, नाहीतर त्यानं तिथल्या तिथं सुनावलं असतं. गडी उभा जन्म कारखान्यात बॉयलरवर होता. प्रेशरच्या काट्यावरून नजर हलवायची नाही, ही त्याची नोकरी. घरीही खोड तीच. कुकरच्या शिट्ट्या तोच मोजणार. दूध तापायला ठेवलं की बायकोला बाजूला सारून स्वतः उभा राहणार. "तुझं लक्ष नसतं," हे वाक्य आजी लग्नापासून ऐकत होत्या. आणि खरं सांगायचं तर नसायचंच.

नर्सनं आधार काढला. "अर्धा तास, आजोबा. निवांत श्वास घ्या."

पण निवांत कसला? आजींनी त्याची नजर पाहिली. ती समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेवर खिळली होती, आणि त्या काचेत त्याच्या डोक्यामागचा पडदा लखलखत होता. ही नजर आजींना पाठ होती. आकडा एकानं उतरला की हा जिवाच्या आकांतानं हवा ओढत असणार, म्हणून नाडी धावत असणार. हा माणूस आजारी कुठला, हा तर ड्यूटीवर होता!

आजी काचेसमोर उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं मान डावीकडे काढली. त्या डावीकडे सरकल्या. त्यानं उजवीकडे काढली. नर्सला हसू आवरेना, पण नाडी एकशे दहावर पोचली होती.

मग आजींना कारखान्यात त्याचा डबा घेऊन जायचे दिवस आठवले. बॉयलरवर पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "काटा माझ्याकडे." त्यानंतर जाणाऱ्यानं काट्याकडे पाहायचं नाही. पाहिलं तर तो येणाऱ्याचा अपमान.

आजी खाटेपाशी गेल्या. त्याच्या खांद्यावर त्यांनी दोनदा थोपटलं.

"अहो, तुमची पाळी संपली. काटा माझ्याकडे."

म्हातारा बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. आता हा मान हलवून नाही म्हणणार, असं आजींना वाटलं. मग त्यानं डोळे मिटले.

अर्धा तास आजींनी मान पुढं काढून, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. कमरेत कळ आली, तरी त्या बसल्या नाहीत. नाडी हळूहळू उतरून पंच्याण्णववर आली आणि ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या आसपास टिकून राहिला. अर्धा तास सरल्यावर डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

दुपारी नळी निघाली. अशी संधी सोडतील तर त्या आजी कसल्या.

"बघितलंत? राखला की नाही काटा? म्हणे माझं लक्ष नसतं."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा आवाज निघाला.

"चष्मा घरी विसरून आलीस, ते मी तेव्हाच पाहिलं. पण पाळी दिली होती ना तुला."