मागोमाग
तेल चोळता चोळता सुरुंगवाला बायकोच्या दुखऱ्या पाठीवर बोटानं ठिपके मांडत होता. "अहो, पाठ आहे ही, खाण नव्हे." "उद्या भोकं जवळजवळ घेतो. सुरुंग एकदम न उडवता मागोमाग उडवतो. दगड बारीक पडेल." "खरंय. तुम्ही भाऊभाऊ एकदम ओरडता, तेव्हा कधी काही धड होतं?" मोठे धोंडे ती घणानं फोडायची, अशानं खांदा निकामी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी शिट्टी झाली, सुरुंग मागोमाग उडाले. डोंगर दचकला नाही. झोपेत कूस बदलावी तसा सरकला, आणि लांबून पाहणाऱ्या तिच्या पाठीवर एकेक ठिपका विरघळत गेला. एकेक दगड ओंजळीत मावेल एवढाच पडला. धुळीतून तो आला, केसांपासून मिशांपर्यंत पांढराफटक. "म्हातारपणी असे दिसाल होय!" "वाईट दिसतोय?" घण आडवा ठेवून ती म्हणाली, "तेव्हा निवांत बघत बसेन."