दोरीवरची टोपली

भर बाजारातल्या राणीच्या काळातल्या त्या व्यापारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर शिवणमावशींचं घर आणि तिथंच त्यांचं मशीन. गुडघे रुसल्यापासून त्या जिना उतरल्याच नव्हत्या. शिवलेले कपडे दोरीच्या टोपलीतून खाली जायचे, भाजी-दूध वर यायचं. रस्त्यापलीकडच्या खिडकीत थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. दोघी नुसत्या हातवाऱ्यांनी बोलायच्या. एकदा तिच्या उशाशी बसायला मिळावं, म्हणून मावशींनी हेरिटेज समितीकडे लिफ्टसाठी अर्जांवर अर्ज केले होते.

आज समितीचे साहेब स्वतः जिने चढून दारात आले.

"धाप लागली ना साहेब? बरं झालं, आता तरी पटेल."

"पटलं हो मावशी. तोंड गोड करा, मंजुरी आणलीय."

मावशी पलंगाखाली चपला शोधू लागल्या. "कधी बसणार लिफ्ट?"

"लिफ्ट नाही, टोपली. कुठून कुठून लोक येतात तिचे फोटो काढायला. इमारतीइतकीच ती जपायची, असं ठरलंय."

"आणि लिफ्ट?"

साहेब समजुतीनं हसले. "लिफ्ट आली तर टोपली कोण सोडणार, मावशी?"