भुताची हद्द

उदाराम चुन्याची बादली हातात घेऊन उभा होता. कान देऊन काहीतरी ऐकत होता.

"काय ऐकता, बाबा?" पुष्पांजलीने विचारलं.

"बेडकं. भुताच्या हद्दीत बेडकं ओरडत नाहीत." त्याने एक गोटा उचलला, बोडीच्या, गावतळ्याच्या दिशेने दहा पावलं पुढे नेऊन ठेवला आणि त्याला चुना फासला. "यंदा लय सरकलं. लठ्ठ होऊन राहिलं, बाई."

पुष्पांजलीने मागे पाहिलं. तिच्याबरोबर आलेला हिमांशू हसू दाबत होता.

देवरीजवळच्या या माळावर पूर्वी कारखाना होता. विजेच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते विषारी औषधात मुरवायचे. उदारामने तिथे अकरा वर्षं काढली. कारखाना बंद पडला, मालक गेला, औषध खड्ड्यात राहिलं. आता तीस वर्षांनी ते उपसायचं ठरलं होतं, आणि नागपूरहून माती तपासायला आली होती ती उदारामचीच मुलगी.

"माहे गोटे पाहून घे. मशीन कायले लावतेस?"

"भुतावर अहवाल लिहिता येत नाही, बाबा."

शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करून तिने तालुक्यात पहिला नंबर काढला होता. सगळ्यांत जोरात टाळ्या उदारामनेच वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन माळावर गेला, गोट्यांना चुना फासायला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "एकदा तरी म्हण ना, भूत आहे म्हणून."

"नाही म्हणणार."

तो मनापासून हसला आणि कढीचा दुसरा वाडगा मागितला.

सकाळी चहा झाला तरी तो उठला नाही.

तेरवीनंतर ती कामावर आली. हिमांशूने तोवर चाळीस ठिकाणची माती तपासून विषाची सीमा नकाशावर लाल रेघेने आखली होती. नकाशा धरून दोघे माळावर चालले. रेघ एका पांढऱ्या गोट्यावरून दुसऱ्या गोट्यावर जात होती. दोनच ठिकाणी फरक निघाला. दोन्हीकडे गोटा रेघेच्या थोडा बाहेर होता.

"मॅडम, ये किसने किया?"

तिने नकाशाची घडी घातली. ती घरी आली. तिची आई कुंदाबाई तांदूळ निवडत होती. पुष्पांजलीने बाबांच्या गोट्यांबद्दल विचारलं.

"पहिले बोर्डच लावला होता त्याइनं," आई म्हणाली. "'धोका' लिहून. आठ दिवसांत शेजारच्या उमरावनं तो पत्रा खुराड्यासाठी नेला. जाऊन पाय, त्याच्या कोंबड्या अजून धोक्याखाली अंडे देऊन राहिल्या. मंग यायनं भूत आणलं. भुताले कोण चोरून नेते?"

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुले खोटं बोलता येत नाही म्हणून."

पुष्पांजली हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने सूप ओढून घेतलं आणि खाली मान घालून तांदूळ निवडत बसली.

उन्हाळाभर माती उपसली. ती बंद ट्रकांतून दूर नेली, खड्ड्यात नवी भरली, दोनदा तपासली. पावसाळा सरता सरता माळ गुरांसाठी आणि पोरांसाठी मोकळा केल्याचं जाहीर झालं. सरपंच शामकलाबाईंनी नारळ फोडला. सगळं गाव जमलं होतं. पोरं चेंडू घेऊन आली होती. पण गोट्यांच्या आत कोणी जाईना.

शेवटी उमरावच पुढे आला. "माती नेली, बेस झालं. पण ते? ते ट्रकात बसून गेलं का?"

सगळे हसले. पाय मात्र कोणीच उचलला नाही.

पुष्पांजलीच्या हातात सत्तावीस पानांचा अहवाल होता. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तिने तो आईकडे दिला. तेवढ्यात आतल्या डबक्यातून एक बेडूक ओरडला. मग दुसरा.

तिने पांढरा गोटा ओलांडला, वळली, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भूत होतं, काका. माह्या बापानं तीस साल अडवून धरलं होतं. आता गेलं."