सोजरबाईंची चाल

“यातनं निघंल का ती?” टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट हिंदुरावांनी लेकीपुढे धरली.

भावकीतल्या एका जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. त्यात नम्रताची आई सोजरबाई पंगतीत वाढताना दिसतात, असं कोणीतरी म्हणालं होतं. घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही खाली मान घातलेला. नम्रता जेमतेम चालायला लागली आणि त्या गेल्या. नम्रताला आईचं काहीच आठवत नव्हतं. पोरगी बापावर गेलीय, असंच सारं मांजरी गाव म्हणायचं. नाक हिंदुरावांचं, रंग हिंदुरावांचा, हट्टसुद्धा त्यांचाच.

कॅमेऱ्यात दिसणाऱ्या माणसाचे सांधे टिपायचे, ठिपके जोडून रेघांचा माणूस उभा करायचा आणि त्याची हालचाल मापायची, हे नम्रताचं संशोधन. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस नीट चालतोय की नाही, ते त्यातून कळायचं.

हिंदुरावांना ते पहिल्या झटक्यात समजलं होतं. “म्हंजे बांधावरनं कोण येतंय ते तोंड दिसायच्या आधी कळतं, तसंच की.”

“तसंच, तात्या. फक्त मला त्यासाठी पीएचडी करावी लागली.”

कॅसेट घेऊन ती धायरीला आपल्या घरी आली. फितीला बुरशी लागली होती. प्रयोगशाळेतल्या शुभंकरने कुठूनतरी जुना प्लेअर पैदा केला, पण पडदाभर नुसत्या मुंग्या. मग बुधवार पेठेत कॅसेटी साफ करून देणारे एक गृहस्थ सापडले. “बाथरूममध्ये ठेवली होती का?” एवढंच विचारून त्यांनी ती ठेवून घेतली.

इकडे हिंदुरावांचा रोज फोन. “निघाली का?” जणू बायको माहेराहून निघायची होती.

“बघतेय, तात्या.”

शनिवारी बुधवार पेठेतून कॅसेट परत आली. रविवारी सकाळी नम्रता मांजरीला पोचली तेव्हा हिंदुराव दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. त्यांना तसं बघून ती वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरली.

“चहा नंतर,” ते म्हणाले. “आधी दाव.”

“तात्या, आधी माझं ऐका. हे कसं चालतं ते दाखवते, म्हणजे तुम्हाला समजेल...”

तिने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची बाई उमटली आणि डावीकडून उजवीकडे चालू लागली.

“सोजर!”

“तात्या, ही...” नम्रताने सुरुवात केली.

“अगं, हीच. बघ, पाय बघ. सपाट जमिनीवर बी उंबरा वलांडल्यागत उचलती. किती हसायचो मी तिला!” हिंदुराव पडद्याला नाक लावून बसले. “आणि मान बघ कशी. डोक्यावर पाटी न्हाई, तरी पाटी असल्यावानी. परत लाव.”

तिने परत लावलं. पुन्हा लावलं. म्हातारा हसत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“आता वळंल बघ. वळायच्या आधी जरा थांबती.”

रेघांची बाई जरा थांबली आणि वळली.

“नमे,” ते तिचा हात धरून म्हणाले, “लई मोठं काम केलंस गं पोरी. मला वाटलं हुतं, मी मेलो की तिची चाल बी गेली.”

नम्रताने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुपारी जेवून निघताना तिने फाटकापाशी गाडी थांबवली, कारण शुभंकरचा फोन येत होता.

“सांगितलंस का त्यांना?” त्याने हलक्या आवाजात विचारलं. “फार वाईट वाटलं असेल ना?”

“नाही सांगितलं.”

“अगं, पण कॅसेटमध्ये काहीच उरलेलं नाही, हे कधीतरी सांगावं लागेल. मग दाखवलंस तरी काय?”

नम्रताने मागे वळून पाहिलं. हिंदुराव ओट्यावर उभे राहून हात हलवत होते.

“परवा कॅमेरा तपासायला तू मला चालायला लावलं होतंस ना,” ती म्हणाली, “ते.”