चेहऱ्याचा साचा

“ही घागर आहे की भोपळा?” अण्णांनी चित्र उलटं धरलं, मग पुन्हा सुलटं केलं. “दोन्हीकडून सारखंच दिसतंय.”

चष्मेवाल्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. चित्र सिस्टरचं होतं. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून ती थेट इकडे आली होती. अंगावर अजून पांढरा गणवेश होता.

“घागरच आहे, अण्णा,” ती म्हणाली. “सावली जमली नाही.”

“सावलीचं राहू दे. घागर तरी कुठे जमलीय?”

दर रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ही हौशी मंडळी जमायची. आठवडाभरात काढलेली चित्रं चिमटे लावून दोरीवर टांगायची, आणि मग अण्णा एकेकाची सालं काढायचे. अण्णांचा जन्म सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेला होता. हात अजून थरथरत नव्हता आणि जीभ तर त्याहून नव्हती. मागे एक मुलगी त्यांच्या बोलण्याने रडत निघून गेली, ती परत आलीच नाही. “तेवढाच कागद वाचला,” एवढंच अण्णा म्हणाले होते.

अलीकडे मात्र कुणी उलट बोलत नव्हतं. पूर्वी चष्मेवाला हमरीतुमरीवर यायचा. आता अण्णांनी काहीही म्हटलं तरी “खरं आहे तुमचं” म्हणून मान डोलवायचा. त्यांनी काढलेला पुलाचा देखावा त्यांना स्वतःलाच गढूळ वाटला होता, पण त्याच्यासमोर सगळे हात जोडल्यासारखे उभे राहिले. उशिरा का होईना, यांना अक्कल आली, असं अण्णांनी मनाशी धरलं.

बायकोचंही तेच. सबंध संसारात तिने त्यांच्या चित्रांना रंगांची नासाडी म्हटलं होतं. आता ती दर रविवारी सोबत यायची, पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि चित्रं सोडून यांच्याकडेच बघत राहायची.

मंडळींनी मध्यंतरी ठरवलं होतं की, प्रत्येकाने आजवर हात न लावलेलं काहीतरी करून बघायचं. चष्मेवाल्याने फुटक्या भिंगांचे तुकडे फळीवर चिकटवायला घेतले. सिस्टर म्हणाली, मोडलेल्या हाडाला ज्या प्लास्टरच्या पट्ट्या घालतात, त्यांनी मी चेहऱ्याचा साचा घेईन.

“ही सगळी थेरं आहेत,” अण्णा म्हणाले. “ज्याला रेघ ओढता येत नाही तो असली सोंगं काढतो.”

“तुमचाच चेहरा द्याल का, अण्णा?” सिस्टरने विचारलं.

अण्णा थबकले. “माझाच का?”

“घेण्यासारखा चेहरा आपल्यात दुसरा आहे कुणाचा?” चष्मेवाला म्हणाला. “हे नाक बघा. ही गालाची हाडं.”

ते अण्णांना पटण्यासारखंच होतं. हल्ली आरशात त्यांनाही जाणवत होतं. अंगावरचं मांस उतरलं होतं आणि चेहरा कसा कोरून काढल्यासारखा दिसत होता. थोडे आढेवेढे घेऊन ते तयार झाले. बायको हळूच म्हणाली, “द्या ना. मला आवडेल.” तिने असं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आता ते लांब टेबलावर उताणे पडले होते. सिस्टरने चेहऱ्याला तेलकट मलम चोळलं, कानांत कापसाचे बोळे घातले. “नाकपुड्या मोकळ्या ठेवतेय. बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर साचा बिघडेल. झोप लागली तर खुशाल झोपा.”

ओल्या पट्ट्या एकेक करून कपाळावर, पापण्यांवर, ओठांवर बसत गेल्या. तिचा हात हलका होता. चित्रात कुठे जातो हा हात, असं अण्णांच्या मनात आलं. साचा उतरला की म्हणायचं, चेहरा चांगला होता म्हणून जमलं, नाहीतर इथेही भोपळाच निघाला असता. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. प्लास्टर हळूहळू गरम होऊ लागलं.

“अण्णा, बरं वाटतंय ना? बोट हलवा.”

कापसातूनही त्यांना स्पष्ट ऐकू आलं. पण त्यांनी बोट हलवलं नाही. ही माणसं आपल्यामागे काय बोलतात ते ऐकण्याची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. ते संथ श्वास घेत पडून राहिले.

“लागली वाटतं झोप,” सिस्टर म्हणाली. “श्वास छान चाललाय.”

मग चष्मेवाल्याचा आवाज आला. “आज सिस्टरची अगदी चिरफाड केली त्यांनी.”

“करू दे,” सिस्टर म्हणाली. “त्यांच्या बोलण्याचं मला आता काही वाटत नाही.”

वाटणार कसं, अण्णांनी मनात म्हटलं. कोडगी झालीय.

“तुम्ही सगळे किती सांभाळून घेता,” बायको म्हणाली. “मला लाज वाटते.”

“असं नका म्हणू, वहिनी,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्ही येऊन सांगितलंत, त्या दिवशीच आम्ही ठरवलं. त्यांना शब्दाने दुखवायचं नाही.”

अण्णांनी कान टवकारले. बायको इथे येऊन काय सांगून गेली होती?

खुर्ची सरकली. तिचा आवाज अगदी जवळून, टेबलाशी वाकल्यासारखा आला.

“सावकाश काढ गं, कुठे चीर जायला नको. डॉक्टर म्हणाले, फार तर महिनाभर हा चेहरा ओळखू येईल, आणि मग यांच्यामागे मला बघायला एवढंच राहणार आहे.”